निगेटिव्ह दुधातही लॅटेक्स बीडच्या गुठळ्या येतायत, अँटीबॉडी बदलायची का?

कराडहून एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारलाय. तो मी असा समजले, चुकत असेल तर सांगा. तुम्ही ०.८ मायक्रॉनचे पांढरे पॉलिस्टायरीन लॅटेक्स बीड, म्हणजे प्लास्टिकचे बारीक मणी, घेतले, त्यावर सशात तयार केलेली स्टॅफ ऑरियस या बॅक्टेरियाविरुद्धची (अँटी-स्टॅफ) अँटीबॉडी नुसती चिकटवून घेतली, म्हणजे केमिकल कपलिंग नाही, आणि दगडी (कासेचा दाह) झालेल्या गायीचं दूध स्लाइडवर थेट बीडच्या थेंबात मिसळून बघताय, बॅक्टेरिया असला की गुठळी यायला हवी. निरोगी गायीच्या दुधातही गुठळ्या येतायत, आणि ज्या दुधातून प्लेटवर स्टॅफ ऑरियस भरभरून उगवला ते स्लाइडवर मात्र एकदम गुळगुळीत. गाईड म्हणतायत अँटीबॉडी खराब आहे दुसरी मागवा, मित्र म्हणतो मॅग्नेटिक बीड घे. आणि हातात दोनच महिने आहेत.

मी साताऱ्यात किट बनवणाऱ्या एका लहान लॅबमध्ये काम करते, लॅटेक्स आणि मॅग्नेटिक दोन्ही बीड रोजच्या हाताखालचे. माझं मत आधीच सांगते, अँटीबॉडी आत्ता मागवू नका. स्लाइडवर गुठळी दिसली याचा अर्थ एवढाच की बीड एकमेकांना धरून बसलेत, ते कोणी धरले हे स्लाइड सांगत नाही. बीड स्वतःहून एकत्र आले असतील, दुधातल्या कशाने तरी ओढले असतील, अँटीबॉडीच्या नको त्या टोकाने धरले असतील, किंवा खरोखर तुमच्या बॅक्टेरियाने धरले असतील. तुमचा खरा प्रॉब्लेम हा आहे की या चार गोष्टी तुमच्या स्लाइडवर एकसारख्या दिसतायत. नवीन अँटीबॉडी आणली तरी तशाच दिसणार.

पहिली गोष्ट, दूध पांढरं आणि लॅटेक्सही पांढरं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये सीआरपीची (सूज दाखवणाऱ्या प्रोटीनची) टेस्ट काळ्या स्लाइडवर पांढऱ्या लॅटेक्सने बघतात कारण तिथे सीरम पारदर्शक असतं, दुधात ते चालत नाही. निळे रंगवलेले बीड मिळतात ते घ्या आणि पांढऱ्या स्लाइडवर वाचा. बीड बदलणं शक्य नसेल तर दूध थेट वापरायचंच नाही, त्याचं पुढे सांगते. आणि वाचायचं दोन मिनिटांत, घड्याळ लावून. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पंख्याखाली स्लाइड ठेवली की थेंबाची कड तीन-चार मिनिटांत सुकायला लागते आणि सुकलेली कड हुबेहूब बारीक गुठळ्यांसारखी दिसते. पंखा बंद करा, स्लाइड हातात घेऊन हळू गोल फिरवत बघा, दोन मिनिटांनंतर काहीही दिसलं तरी ते वहीत लिहायचं नाही.

आता बीड स्वतःहून गोळा होतात का ते बघायचं. कोट केलेल्या बीडचा एक थेंब, पीबीएसचा (फॉस्फेट-मिठाच्या बफरचा) एक थेंब, दुसरं काही नाही. इथेच गुठळ्या दिसल्या तर दुधाचा आणि बॅक्टेरियाचा काही संबंध नाही, कोटिंग बिघडलंय. याची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात. स्टॉक लॅटेक्समध्ये एसडीएससारखं डिटर्जंट असतं, ते आधी धुऊन काढलं नाही तर अँटीबॉडी नीट बसत नाही. उलट धुताना जोरात स्पिन केलं तर पेलेट घट्ट बसतं, नुसतं पिपेटने वरखाली करून ते सुटत नाही, बाथ सोनिकेटरमध्ये थोडा वेळ धरावं लागतं. मायक्रोस्कोपखाली एक थेंब बघा, सुटे सुटे बीड थरथरताना दिसले पाहिजेत. ब्लॉकिंगला, म्हणजे बीडचा उघडा भाग झाकायला, बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरलाय का, किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही, किमान ०.१ टक्के तरी पाहिजे. आणि बीड फ्रिजमध्ये कुठे ठेवता? कॉलेजच्या जुन्या सिंगल डोअर फ्रिजमध्ये फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात मागे ठेवलेली बाटली रात्रीतून गोठू शकते, आणि एकदा गोठलेलं लॅटेक्स परत पहिल्यासारखं सुटं होत नाही. दारात ठेवा.

अँटीबॉडी किती घातली याचाही हिशोब करा, अंदाजाने घालू नका. एक टक्का लॅटेक्स म्हणजे मिलीत १० मिलिग्रॅम बीड. ०.८ मायक्रॉनच्या पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग ग्रॅमला साधारण ७ चौरस मीटर भरतो, म्हणजे तुमच्या एका मिलीत ०.०७ चौरस मीटर. आयजीजीचा (रक्तातल्या नेहमीच्या अँटीबॉडीचा) एक थर बसायला चौरस मीटरला साधारण अडीच मिलिग्रॅम लागते असं धरलं तर मिलीमागे ०.१८ मिलिग्रॅम अँटीबॉडी झाली. हा आकडा शेवटचा नाही, सुरुवातीचा आहे. मी ०.०५, ०.१, ०.२ आणि ०.४ मिलिग्रॅम असे चार लॉट लहान ट्यूबमध्ये करून चारही एकाच कल्चरवर बघते. कमी घातली तर बीडचा उघडा भाग राहतो आणि त्याला काहीही चिकटतं, जास्त घातली तर सैल बसलेली अँटीबॉडी नंतर सुटून द्रवात येते आणि बॅक्टेरियावरच्या जागा तीच अडवून बसते. कोटिंगला पीएच ८.२ चा ग्लायसीन-सलाइन बफर चालतो. लॅटेक्सची ही पद्धत १९५६ ला सिंगर आणि प्लॉट्झ यांनी संधिवाताच्या टेस्टमधल्या रुमॅटॉइड फॅक्टरसाठी आणली, आणि लॅटेक्सच्या कामात हा बफर नेहमीचा आहे. फक्त पुढे कधी कार्बॉक्सिल बीडवर ईडीसीने (जोडणी करणाऱ्या रसायनाने) कपलिंग करायला गेलात तर ग्लायसीन आणि ट्रिस दोन्ही लांब ठेवा, त्यांचा अमाइन ग्रुप अँटीबॉडीच्या आधी जाऊन बसतो. आणि नुसत्या चिकटवलेल्या अँटीबॉडीवर ट्वीन हे डिटर्जंट जास्त वापरू नका, ती सुटून येते.

पीबीएसमध्ये बीड स्वच्छ राहिले आणि निरोगी दुधात गोळा झाले तर संशय दुधावर. त्यासाठी नुसत्या बीएसएने कोट केलेले बीड करून ठेवा, अँटीबॉडी अजिबात नाही. तेही त्या दुधात गोळा झाले तर निकाल लागलाच. दुधात फॅटचे गोलक असतात, केसीन असतं, आणि दगडीच्या दुधात सोमॅटिक सेल (गायीच्या स्वतःच्या पेशी) फुटून त्यांच्या डीएनएचे चिकट धागे झालेले असतात. सीएमटीच्या, म्हणजे गोठ्यावरच्या दगडीच्या, टेस्टमध्ये जे जेलसारखं होतं ना, ते याच डीएनएमुळे, आणि बीड त्या धाग्यांत अडकून लांबट पुंजके करतात. नीट बघितलं तर ते खऱ्या गुठळीसारखे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, एका बाजूला दोरीसारखे जमतात. चिकाचं दूध असेल तर आणखी अवघड कारण त्यात गायीच्या अँटीबॉडी प्रचंड असतात. म्हणून दूध थेट वापरू नका. थोडं सोडियम सायट्रेट घालून केसीन मोकळं करा, स्पिन करा, वरचा फॅटचा थर स्वॅबने पुसून काढा, मधलं पाणी टाकून द्या, खालचं पेलेट पीबीएसमध्ये दोनदा धुवा आणि मग ते वापरा. काही बॅक्टेरिया फॅटबरोबर वर जातात, ते नुकसान धरून चला.

इथे एक सावधगिरी. आपल्या भागात कच्च्या दुधात ब्रुसेला, माणसालाही लागण करणारा बॅक्टेरिया, असण्याची शक्यता धरूनच काम करायचं. सेंट्रिफ्यूजमध्ये झाकण घट्ट असलेल्या ट्यूब, स्पिननंतर लगेच उघडायच्या नाहीत, शक्य असेल तर कॅबिनेटमध्ये उघडायच्या. यात घाई करू नका.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले. तुम्ही शोधताय तो बॅक्टेरियाच असा आहे की तो अँटीबॉडी उलटी धरतो. स्टॅफ ऑरियसच्या भिंतीवर प्रोटीन ए असतं. अँटीबॉडीला दोन हात आणि एक शेपूट आहे असं समजा, हात म्हणजे फॅब, ते आपल्या टार्गेटला ओळखून धरतात, आणि शेपूट म्हणजे एफसी. प्रोटीन ए सरळ शेपटीला धरतं, हातात काय ओळखलंय याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. १९६६ मध्ये फॉर्सग्रेन आणि स्योक्विस्ट यांनी हे दाखवलं तेव्हा त्याला खोटी इम्यून रिॲक्शन असंच म्हटलं होतं. सशाची आयजीजी प्रोटीन ए ला फार घट्ट बसते, आणि तुमची अँटीबॉडी सशाची आहे. म्हणजे तुमच्या बीडवर अँटी-स्टॅफच्या जागी कुठल्याही साध्या सशाची आयजीजी असती तरी प्रोटीन ए वाल्या कल्चरवर गुठळी आलीच असती. मग प्रोजेक्टमध्ये ‘आमची अँटीबॉडी स्टॅफ ऑरियस ओळखते’ हे वाक्य कशाच्या जोरावर लिहिणार? व्हायव्हाला एक्स्टर्नलने एवढं एकच विचारलं तरी उत्तर पाहिजे.

बाजारातल्या स्टॅफ ऑरियस लॅटेक्स किट याच गोष्टीचा उपयोग करून घेतात. त्यांच्या बीडवर आयजीजी आणि फायब्रिनोजेन दोन्ही असतात, आयजीजी प्रोटीन ए साठी आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रोटीन) क्लंपिंग फॅक्टरसाठी, म्हणजे त्याला धरणाऱ्या बॅक्टेरियावरच्या प्रोटीनसाठी. पुढे काही स्ट्रेनमध्ये बाहेरच्या कॅप्सूलमुळे हे दोन्ही झाकले जातात असं लक्षात आल्यावर कॅप्सूलविरुद्धच्या अँटीबॉडीही घालायला लागले. म्हणजे शेपूट धरणं हा दोष नाहीच, तुम्ही ते मुद्दाम वापरताय की नकळत, एवढाच प्रश्न.

तर हे वेगळं करायला एक कंट्रोल लागतोच, न टोचलेल्या सशाच्या साध्या आयजीजीने कोट केलेले बीड, तितक्याच मात्रेने, त्याच दिवशी, त्याच बफरमध्ये. आणि दोन स्ट्रेन, एक कोवन १, ज्यावर प्रोटीन ए भरपूर असतं, आणि एक वुड ४६, ज्यावर ते जवळपास नसतं. पुण्याच्या एनसीआयएम आणि चंदीगडच्या एमटीसीसी या कल्चर जपणाऱ्या संस्थांच्या कॅटलॉगमध्ये आधी बघून घ्या, कल्चर यायला वेळ जातो म्हणून कल्चर मागवणारं पत्र आजच टाका. साधे आयजीजी बीड कोवनवर गोळा झाले आणि वुडवर नाही, तर ते प्रोटीन ए. तुमचे अँटी-स्टॅफ बीड वुडवरही गोळा झाले आणि साधे झाले नाहीत, तर तिथे अँटीबॉडीचे हात काम करतायत, आणि हा रिझल्ट सगळ्यात मोलाचा. एक गुंता लक्षात ठेवा, न टोचलेल्या सशातही स्टॅफच्या भिंतीविरुद्ध थोड्या नैसर्गिक अँटीबॉडी असू शकतात, म्हणून वुडवर साध्या बीडने हलकी गुठळी दिली तर दचकू नका, डायल्यूशन करून दोन्हींच्या टायटरची (किती पातळ करूनही गुठळी येते त्याची) तुलना करा. बरोबर एक स्टॅफ एपिडर्मिडिसही ठेवा, कारण आख्ख्या पेशी टोचून केलेली पॉलिक्लोनल अँटीबॉडी बऱ्याचदा इतर स्टॅफनाही धरते, आणि गायीच्या कासेत कोॲग्युलेज (प्लाझ्मा गोठवणारं एन्झाइम) नसलेले, म्हणजे कोॲग्युलेज निगेटिव्ह, स्टॅफ खूप सापडतात.

शेपूट नको असेल तर उपाय आहेत. पेप्सिनने शेपूट कापून नुसते दोन हात ठेवलेली अँटीबॉडी, म्हणजे एफ-एबी-टू, विकत मिळते किंवा करता येते. कोंबडीची अँटीबॉडी, आयजीवाय, प्रोटीन ए ला बसतच नाही, आणि अंड्याच्या बलकातून पीईजीने (पॉलिइथिलीन ग्लायकॉलने) काढता येते, आधी साडेतीन टक्क्यांवर फॅट खाली बसवायचं आणि मग १२ टक्क्यांवर आयजीवाय. पण कोंबड्या टोचायला एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि टायटर चढायला आठवडे जातात, तुमच्या दोन महिन्यांत बसत नाही. तुमच्यासाठी सगळ्यात स्वस्त म्हणजे धुतलेल्या पेशींमध्ये आधी भरपूर साधी आयजीजी घालून प्रोटीन ए च्या जागा भरून टाकायच्या, धुवायचं, आणि मग बीड घालायचे. शंभर टक्के नाही होत, पण फरक स्पष्ट दिसतो.

आता ते पॉझिटिव्ह असूनही गुळगुळीत आलेलं दूध. डोळ्यांना गुठळी दिसायला मिलीला साधारण दहा लाख किंवा त्याहून जास्त पेशी लागतात. सबक्लिनिकल (बाहेरून लक्षण न दिसणाऱ्या) दगडीत स्टॅफ ऑरियस पुष्कळदा मिलीला काहीशे ते काही हजारच सुटतो, तोही रोज सारखा नाही, एक दिवस येतो एक दिवस नाही. आणि तुम्ही लिहिलंय की दूध रात्रभर ब्रॉथमध्ये वाढवून मग प्लेट केली, तेव्हा प्लेट भरणारच, थेट दुधात तेवढे होते असं नाही. शिवाय काही पेशी गायीच्या न्यूट्रोफिलच्या (पांढऱ्या रक्तपेशींच्या) आत असतात आणि काहींवर गायीच्याच अँटीबॉडी आधी बसलेल्या असतात, म्हणजे तुमच्या बीडला जागाच मोकळी नाही. उलटही होतं, अँटीजेन फार जास्त झालं तर प्रत्येक बीड एकटाच भरून जातो आणि पूल बांधायला कोणी उरत नाही, लॅटेक्सच्या कामात त्याला प्रोझोन म्हणतात, काटेकोर शब्द पोस्टझोन. म्हणून कुठलंही सँपल नुसतं एकदा बघू नका, सरळ, १:१० आणि १:१०० असं तीन पातळ्यांवर बघा.

ब्रॉथमध्ये वाढवलेलं दूध बीडवर घालणार असाल तर मात्र थांबा. स्टॅफसाठीच्या काही ब्रॉथमध्ये साडेसात टक्के मीठ असतं. बीड सुटे राहतात ते एकमेकांना ढकलणाऱ्या चार्जमुळे, आणि एवढ्या मिठात तो चार्ज झाकला जातो, मग बॅक्टेरिया असो नसो बीड गोळा होतात. पेलेट धुऊन सलाइनमध्ये घेतल्याशिवाय हे करूच नका. तुमच्या ‘निगेटिव्ह’ गुठळ्यांपैकी काही अशा ब्रॉथमधल्या असतील तर अर्धा प्रश्न इथेच सुटला.

आणि निगेटिव्ह म्हणजे नक्की काय तेही तपासा. गोठ्यावरून सँपल घेताना विचारा की सडात अँटीबायोटिकची ट्यूब सोडली होती का. कोरेगाव-फलटणकडच्या गोठ्यांवर मी बघते, कास गरम लागली की शेतकरी आधी ट्यूब सोडतो, मग डॉक्टर, आणि सँपल सगळ्यात शेवटी. अशा दुधात बॅक्टेरियाच्या मेलेल्या पेशी असतात, प्लेटवर काही उगवत नाही आणि बीडवर मात्र खरी गुठळी येते. ती चूक नाही, ती दोन पद्धतींची वेगळी उत्तरं आहेत, आणि ट्यूबची नोंद नसेल तर तुम्हाला ती खोटी पॉझिटिव्ह वाटणार. सँपल घेताना सड ७० टक्के अल्कोहोलने पुसायचा, पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्यायच्या, चारही सडांचं वेगवेगळं घ्यायचं आणि बर्फात आणायचं. सँपलिंगची पद्धत एकदा प्रत्यक्ष बघायची असेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गाईडमार्फत विचारून बघा, कराडहून हायवेने सरळ आहे.

मॅग्नेटिक बीडचं. नॉर्वेत जॉन उगेलस्टाड यांनी १९७० च्या दशकात एकसारख्या आकाराचे पॉलिमर बीड बनवले, त्यातूनच पुढे हे मॅग्नेटिक बीड आले, आणि ई. कोलाय ओ१५७ शोधायच्या आयएसओ १६६५४ पद्धतीत ते आहेतच. वस्तू उत्तम आहे, पण ते पकडतात आणि गोळा करतात, दाखवत नाहीत. पकडल्यावर पुढे बेअर्ड-पार्कर (स्टॅफ ओळखायची) प्लेट किंवा स्टॅफ ऑरियसच्या न्यूक जीनची पीसीआर लागतेच. तुमच्याकडे पीसीआर असेल आणि दुधातले थोडे बॅक्टेरिया एकत्र आणायचे असतील तर जरूर घ्या, आणि पहिल्या धुण्यानंतर ट्यूब बदला, दुधाचा फॅट ट्यूबच्या भिंतीला चिकटतो आणि शेवटपर्यंत त्रास देतो. फक्त प्रोटीन ए चा प्रश्न तिथेही जसाच्या तसा आहे, सशाची आयजीजी लोहचुंबकावर बसवली म्हणून तिची शेपूट जात नाही.

वेळ कमी आहे म्हणून माझा सल्ला, प्रोजेक्टचं ध्येय थोडं हलवा. थेट दुधात शोधायच्या ऐवजी प्लेटवरची कॉलनी ओळखायला हे बीड वापरा. एका चांगल्या कॉलनीत पेशींची कमतरता नसते, दुधाची कटकट नाही, मीठ नाही, आणि कोॲग्युलेज टेस्टशी सरळ तुलना करता येते. हे नीट जमलं तर धुतलेल्या दुधाच्या पेलेटवर एक छोटा भाग करा, त्यात जिथे चुकतंय तिथे का चुकतंय हे कंट्रोलसकट लिहा. गाईडना हे सांगताना अँटीबॉडी चांगली की वाईट या वादात पडू नका, पाच वर्तुळांची एक स्लाइड समोर ठेवा: पीबीएस, निरोगी दूध, साधे आयजीजी बीड कोवनवर, तुमचे बीड कोवनवर, तुमचे बीड वुडवर. ही स्लाइड झाली की निकाल इथे टाका, लॅटेक्सची टक्केवारी आणि ब्लॉकिंगही लिहा, मग अँटीबॉडी बदलायची का ते नक्की सांगते.